पट्टीचं तुटलेलं टोक

मोटरसायकलचा पुढचा शॉकअप गळायला लागला की माणसं दोनच गोष्टी करतात. एकतर इंजिनच गेलं असं समजून हातपाय गाळतात, नाहीतर बोटाने तेल पुसून 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणतात. मिस्त्रींना दोघांचाही राग यायचा. पहिल्याला ते समजावायचे आणि दुसऱ्याला झापायचे. "अहो, ते तेल खाली ब्रेकवर उतरतंय. उद्या ब्रेक दाबाल आणि गाडी पुढच्याच्या मांडीवर जाऊन बसेल. मग बघत बसा पुढचा महिना!"

तसं दुखणं साधंच. एक चकचकीत पाइप जाड नळकांड्यात वरखाली होत असतो. नळकांड्याच्या तोंडाशी दोन रबरी कडी असतात. वरचं धूळ आत येऊ देत नाही, खालचं तेल बाहेर जाऊ देत नाही. या खालच्या कड्याला सील म्हणतात. सीलच्या ओठाखाली रेतीचा एखादा कण शिरला की ओठ नीट मिटत नाही आणि तेल पाझरायला लागतं. गावातले बाकीचे मेकॅनिक लगेच पूर्ण शॉकअप उघडून नवीन सील टाकायचे. मिस्त्री तसे उतावळे नव्हते. ते आधी 'पट्टी' फिरवायचे.

ही पट्टी कुठल्याही दुकानात मिळत नव्हती. जुन्या कॅमेऱ्याची फिल्म, निगेटिव्ह म्हणतात ती, बोटभर लांब कापायची. एका टोकाला कात्रीने आकडा काढायचा. ती पाइप आणि रबर यांच्या मधून हळूच खाली सरकवायची, गोल फिरवायची आणि वर ओढायची. आकड्याला काळा चिकट मळ लागून येतो. पुसायची, परत घालायची. फिल्म पातळ असते, पण ताठ असते, आणि रबराला ओरखडा काढत नाही. मिस्त्री म्हणायचे, देवाने फिल्म याच कामासाठी बनवली, लोक उगाच तिच्यावर फोटो काढत बसले. निम्म्याहून जास्त गाड्यांची गळती तेवढ्यानेच थांबायची आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे जादूगाराकडे बघावं तसं बघत राहायचं.

पट्ट्या घरून यायच्या. घर म्हणजे गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. मिस्त्रींच्या बायकोला फोटोंचं वेड. लग्नाआधी शिवणकाम करून तिने स्वतःच्या पैशांनी एक छोटा कॅमेरा घेतला होता आणि लग्नात माहेराहून काय आणलंस असं कुणी विचारलं की ती तोच दाखवायची. गाडीखाली आडवे पडलेले मिस्त्री, पुढचे दात पडलेली मुलगी, सीटवर झोपलेलं मांजर, सगळं तिने टिपलं. रंगीत रोल परवडत नव्हता तेव्हाही तिने काळ्यापांढऱ्या रोलवर हौस भागवून घेतली. पुढे रोल मिळेनासे झाले, कॅमेरा कपाटात गेला आणि निगेटिव्ह तेवढ्या उरल्या. पहिल्यापासूनच सवड मिळाली की ती त्या खिडकीशी धरून निवडत बसायची. ठेवायच्या त्या पाकिटात, नको असलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा मिस्त्रींचा. "डब्यातलं हवं तेवढं घ्या," ती म्हणायची, "पण पाकिटाला हात लावाल तर याद राखा."

मिस्त्रींनी आयुष्यभर तेवढं पथ्य पाळलं. डबा रिकामा झाला की तो आपोआप भरलेला सापडायचा. डब्यातली पट्टी घ्यायची, कात्री चालवायची, कामाला लागायचं. ती उजेडात धरून बघावी असं त्यांच्या मनातही कधी आलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली. पोटाचं दुखणं होतं, ते फार लांबलं नाही, पण जाताना तिला पार पिळून घेऊन गेलं.

आता गॅरेज पुन्हा चालू झालं होतं. मिस्त्री वेळेवर शटर वर करत, वेळेवर खाली ओढत. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस सावरला. पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. डोळे मिटले की त्यांना तिचा आजारातलाच चेहरा दिसायचा. गाल बसलेले, नाकात नळी, ओठ सुकलेले. त्याच्या आधीचा चेहरा, ज्याच्याशी सगळा संसार केला तो चेहरा, काही केल्या समोर येईना. आवाज आठवायचा, चालण्याची लकब आठवायची, रागावून भांडं आपटायची तो आवाजसुद्धा आठवायचा. चेहऱ्याशी आलं की मध्ये ती नळी यायची. आपण बायकोचा चेहरा विसरलो ही गोष्ट कुणाला सांगणार? त्यांना त्याची लाज वाटायची आणि भीतीही वाटायची.

त्या दिवशी सकाळीच मुलगी आली, ती लाकडी चौकट घेऊन. लग्न होऊन ती दुसऱ्या गावात राहत होती. सामान खाली ठेवायच्या आधी तिने चौकट टेबलावर उभी केली. आत नुसती काच होती.

"बाबा, आईचा फोटो लावायचाय. भिंत मोकळी बघवत नाही मला."

"लाव ना. मी कुठे नको म्हणतोय?" मिस्त्री म्हणाले. मनात त्यांच्या एकदम उजेड पडला. हे आपल्याला कसं सुचलं नाही? फोटो बघितला की चेहरा परत येईल.

"लावला असता. पण आहे कुठला?"

दोघांनी कपाट उपसलं. फोटो पुष्कळ होते आणि त्यांत आई कुठेच नव्हती. असणार कशी? कॅमेरा तिच्या हातात. मिस्त्रींच्या लग्नात फोटोवाला परवडला नव्हता. मुलीचं लग्न नोंदणी कचेरीत चार माणसांत झालेलं, तिथेही फोटो आईनेच काढलेले. मोबाईल आल्यावर कुणी समोर धरला की ती तळहात आडवा करायची. मुलीच्या फोनमध्ये आईचे तळहातच तळहात होते. सरकारी ओळखपत्रावरचा एक फोटो होता, त्यात ती नुकतीच चोरी करताना पकडल्यासारखी दिसत होती. आणि आजारातले दोनतीन होते. ते मुलीने पुढे सरकवले तसे मिस्त्रींनी तोंड फिरवलं.

"तुमचं ते जुनं भांडण आठवतं का?" मुलगी फोटोंचा ढीग आवरता आवरता म्हणाली. "म्हातारपणाचं?"

आठवत नाही कसं? मिस्त्रींचे केस तिशीतच पांढरे झाले आणि तिचे शेवटपर्यंत काळेभोर राहिले. एकदा नव्या गिऱ्हाइकाने तिला बघून "तुमची मुलगी चहा घेऊन आलीय" असं म्हटलं, तेव्हा ती ओट्याला धरून हसत सुटली होती आणि मिस्त्रींनी त्या माणसाचं चाक मुद्दाम उशिरा दिलं होतं. मग ते सारखे तिच्या मागे लागायचे, "अगं, तू म्हातारी कधी होणार? मी एकट्यानेच किती दिवस म्हातारं राहायचं?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. "होईन हो! घाई काय आहे? पांढरे केस झाले की बसेन तुमच्या शेजारी फोटोला. तोवर माझा फोटो नको."

"जाताना एकही पांढरा नव्हता," मिस्त्री म्हणाले आणि उठून गॅरेजमध्ये गेले.

तिथे बेकरीवाला येऊन उभाच होता. पहाटे पावाच्या टोपल्या गाडीला लटकवून गावभर फिरणारा हा माणूस. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही.

"मिस्त्री, तुमची जादू फसली! परवा पट्टी फिरवून दिलीत ना? कालपासून आधीपेक्षा जास्त गळतंय. पाव सोडून तेल विकावं म्हणतो."

मिस्त्रींनी खाली बसून बघितलं. उजव्या बाजूचा पाइप तेलाने माखला होता आणि एक ओघळ खाली ब्रेकच्या चकतीपर्यंत आला होता. पट्टी फिरवल्यावर गळती वाढलेली त्यांनी आजवर बघितली नव्हती.

"गाडी धुतलीस ना वॉशिंग सेंटरवर? फवारा मारून?"

"धुतली की. बेकरीचा माणूस घाण गाडीवर शोभतो का?"

"तो फवारा वरचं रबर उचकटून माती आत कोंबतो. किती वेळा सांगितलं, फडक्याने पूस. रोज संध्याकाळी दोन पाइप पुसायला काय जड जातं तुला?"

"बरं बाबा, पुसेन. पण आता?"

"आता उघडावी लागेल. ठेव आणि जा. संध्याकाळी ये."

बेकरीवाला बडबडत गेला. मिस्त्रींनी सवयीने खिळ्याकडे हात नेला. खिळ्यावर परवाची पट्टी लटकत होती. ती काढून घेताना त्यांच्या लक्षात आलं की तिचं आकड्याचं टोक जागेवर नाही. तुटलं होतं. जुनी फिल्म, कडक झालेली, आत मोडली असणार आणि ते टोक सीलच्या ओठाखाली अडकून बसलं असणार. म्हणजे गळती वॉशिंग सेंटरने वाढवली नव्हती, मिस्त्रींनीच वाढवली होती. उघडण्याआधी ते टोक ओढून निघतंय का बघावं म्हणून, स्वतःवर चरफडत, ते नवीन पट्टी घ्यायला आत गेले.

मुलगी जमिनीवर पाकीट उघडून बसली होती. एकेक निगेटिव्ह खिडकीकडे धरत होती. "सगळे तुमचे आणि माझे. मांजराचे सतरा... आईचा एकही नाही," ती म्हणाली आणि मग तिने वर बघितलं. "बाबा, डबा कुठाय?"

"कसला?"

"बिस्किटांचा. तुमच्या पट्ट्यांचा."

मिस्त्रींनी फळीवरून डबा काढला. झाकण उघडलं. रिकामा. आपोआप भरणारा डबा आता कोण भरणार होतं?

मुलगी डब्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला. "एवढ्याच होत्या?"

"परवा शेवटची घेतली. का गं?"

ती पाकिटावरून हात फिरवत राहिली. "लहानपणी मी बसायचे तिच्याजवळ. ती एकेक खिडकीशी धरायची. हा तुझा, ठेव पाकिटात. हा बाबांचा, ठेव. आणि स्वतःचा निघाला की म्हणायची, ही कोण बया? टाक बाबांच्या डब्यात, निदान कामाला येईल. मी टाकायचे. मला तो खेळ वाटायचा."

मिस्त्रींना आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं आणि ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"फोटो तर तीच काढायची. तिचे कुठून आले?"

"तुम्हीच काढायचात ना! तेव्हा ती कॅमेरा तुमच्या हातात द्यायची. रोलमध्ये एकदोन तरी तुम्ही काढलेले असायचे. ते तिला कधी आवडायचे नाहीत, त्यांची प्रिंट ती काढूच द्यायची नाही. म्हणायची, यांना नटबोल्ट कळतात, माणूस दिसत नाही."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हीच कापायचात ना, बाबा. एकदाही बघितलं नाहीत?"

नाही. एकदाही नाही. इतकी वर्षं हातात होती ती, रोज, आणि त्यांनी तिला उजेडात धरलं नाही. गावातल्या दूधवाल्यांच्या, मास्तरांच्या, टवाळ पोरांच्या गाड्यांतला चिखल त्यांनी बायकोच्या चेहऱ्याने खरवडून काढला होता. मळकी झाली की पट्टी कचऱ्याच्या पिंपात.

आणि मग त्यांना हातातल्या पट्टीची आठवण झाली. ती त्यांनी अजून धरलेलीच होती.

मुलीने ती त्यांच्या हातातून घेतली, ओढणीने पुसली आणि खिडकीशी धरली. दोघंही जवळ सरकले. काळ्यापांढऱ्या फिल्मवर एक बाई बसलेली होती, अगदी जवळून घेतलेली. पदर दिसत होता. खांदा दिसत होता. मांडीवर ठेवलेला हात आणि त्यातली बांगडी दिसत होती. मागे मोटरसायकलचं हँडल. मानेच्या वर फिल्म संपत होती. तिथूनच टोक मोडलं होतं.

"नदीवर गेलो होतो," मिस्त्री म्हणाले. त्यांना तो दिवस एकदम लख्ख आठवला. नवीन घेतलेली जुनी गाडी, तिच्यावरची पहिली फेरी. "जवळ या, अजून जवळ या, असं म्हणत होती. मी लांबूनच काढायचो ना, मग माणूस मुंगीएवढा यायचा. त्या दिवशी गेलो जवळ." पदराचा रंग आठवला, पाण्याचा आवाज आठवला. चेहऱ्याशी आले आणि पुन्हा ती नळी मध्ये आली. "हसत होती वाटतं. नीट आठवत नाही."

"डोकं कुठाय बाबा?"

मिस्त्रींनी गॅरेजच्या दाराकडे बघितलं. बेकरीवाल्याची गाडी स्टँडवर उभी होती आणि तिच्या उजव्या पायातून तेलाचा थेंब निघून जमिनीवर पडत होता.

असलं काम त्यांनी झोपेतही केलं असतं. आज मात्र हात कचरत होते. त्यांनी इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून पुढचं चाक उचललं. चाक काढलं, ब्रेकचा भाग सोडवून तारेने वर बांधला, म्हणजे नळीवर ताण येत नाही. वरची टोपी अर्धी सैल केली. मग गाडीचा उजवा पाय, म्हणजे पाइप आणि नळकांडं मिळून, खाली ओढून पूर्ण बाहेर घेतला आणि दोन्ही हातांनी बाकावर आणून ठेवला. मुलगी दिवा धरून शेजारी उभी राहिली. लहानपणी ती अशीच उभी राहायची आणि दिवा भलतीकडेच धरायची. आज तिने तो बरोबर धरला होता.

"पाइप ओढू का?" तिने विचारलं. तिला घाई झाली होती.

"थांब! पाइप हलवायचा नाही. ओढला तर तो तुकडा ओठाखाली घासला जाईल." परवापासून बेकरीवाला खड्ड्याखड्ड्यांतून फिरला होता. पाइप कितीदा वरखाली झाला असेल? प्रत्येक खड्ड्याला तो तुकडा रबर आणि लोखंड यांच्या मध्ये चिरडला गेला असेल. मिस्त्रींनी ते मोजायचं नाही असं ठरवलं.

त्यांनी टोपी काढून तेल ओतलं, तेही गाळणीतून. तेल काळं, फेसाळ, आंबूस वासाचं. गाळणीत काही नव्हतं. मग पातळ पात्याने वरचं रबर अलगद उचललं. खाली मातीची काळी कड साठलेली होती. एरवी त्यांनी ती फडक्याच्या एका फटकाऱ्यात पुसली असती. आज काडीला कापूस गुंडाळून ते कणाकणाने माती काढत बसले. सीलवरची तारेची कडी सोडवली. मग सीलच्या ओठाशी पातं नेलं आणि थबकले. सील सलामत काढायचं तर पाइप ओढावा लागतो. तुकडा सलामत काढायचा तर सील कापावं लागणार होतं, आणि कापताना पातं निसटलं तर पाइपवर ओरखडा. ओरखडा पडला की नवीन सीलही गळणार, मग बेकरीवाल्याला पाइपही नवा आणून द्यावा लागणार.

"द्यावा लागला तर देऊ," ते स्वतःशीच बोलले आणि त्यांनी रबर उभं चिरलं.

पातं निसटलं नाही. रबर दोन्हीकडे उकललं आणि ओठाच्या खाचेत, तेलात लडबडलेलं, काहीतरी चपटं चिकटलेलं दिसलं. नखाएवढं. मिस्त्रींनी चिमट्याने ते उचललं आणि पांढऱ्या बशीत ठेवलं.

"बघा ना!"

"तू धू. रॉकेलने हलक्या हाताने. घासू नकोस, नुसतं बुडव आणि खिडकीत सुकत ठेव."

"पण बघा तरी आधी."

"आधी सील बसू दे," मिस्त्री जरा खेकसूनच म्हणाले. "संध्याकाळी गाडी द्यायचीय."

गाडीचं कारण खोटं होतं. मुलीला ते कळलं आणि ती बशी घेऊन आत गेली. मिस्त्रींना भीती वाटत होती. त्या तुकड्यावरचं सगळं घासून गेलेलं असलं, नुसतं कोरं प्लास्टिक असलं, तर मग पुढे शोधायला काहीच उरलं नसतं. तोवर तरी काहीतरी होतं. ते पाइपवर बोट फिरवत बसले. एका जागी दगड लागून बारीक टोचा आला होता, तो त्यांनी पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने घासून सपाट केला. बोटाला काही लागेना तेव्हा पुसला. पाइपच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी ताणून बसवली, कारण टोकाची धार नव्या सीलचा ओठ कापते आणि मग माणूस महिनाभर सीलला शिव्या देतो. पिशवीला तेल, ओठाला तेल. सील सरळ बसवायचं, तिरकं जाऊ द्यायचं नाही, सगळीकडून सारखं ठोकत खाली न्यायचं. नवीन तेल मापाने भरलं. वर एक रबरी मोजाही चढवला, बेकरीवाल्याने मागितला नव्हता तरी. रबराला रबर, कड्याला कडी. इतक्या लोकांच्या गाड्यांचं त्यांनी इतकं जपलं होतं. घरातलं एक माणूस मात्र त्यांनी कात्रीने कापलं.

चाक बसवून होईतो बेकरीवाला आला. पुढचा ब्रेक दाबून त्याने गाडी खाली दाबली, सोडली, पुन्हा दाबली. पाइपवरून बोट फिरवलं. कोरडं.

"वा! आत काय निघालं मिस्त्री?"

"घरचंच माणूस होतं," मिस्त्री म्हणाले.

बेकरीवाला हसला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू जागच्या जागी विरलं. "पुसेन हो रोज फडक्याने," एवढं म्हणून तो गाडी ढकलत रस्त्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथे गेल्यावर त्याने ती सुरू केली.

मिस्त्रींनी हात धुतले. एकदा धुतले, मग साबण लावून परत धुतले. मग आत गेले.

मुलगी खिडकीत बसली होती. बशी तिच्या मांडीवर होती. तिचे डोळे लाल झाले होते, पण काही सांगायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. तिने नुसता चिमटा पुढे केला.

मिस्त्रींनी तुकडा उन्हाकडे धरला. कलतं ऊन होतं, पिवळसर. आधी नुसते ओरखडेच दिसले, आडवेतिडवे. हनुवटी गेली होती. एक गाल घासून पार पुसला गेला होता. त्याच्या वर मात्र काहीतरी होतं. त्यांनी तुकडा जरा तिरपा केला आणि ती दिसली. डोळे हसून बारीक झालेले, कपाळावर वाऱ्याने आलेली बट, आणि डोकं किंचित मागे टाकलेलं, ओट्याला धरून हसायची तेव्हा टाकायची तसं. नळी नव्हती. कुठेच नळी नव्हती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, उजळ कपाळ काळं पडलेलं आणि काळेभोर केस...

केस पांढरेशुभ्र होते. मधल्या भांगापासून कानापर्यंत सगळे. नदीच्या वाऱ्यात उडणारे पांढरे केस घेऊन एक म्हातारी त्यांच्याकडे बघून हसत होती.

मिस्त्रींच्या तोंडून आवाज फुटला. ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मुलीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ती म्हणाली, "फोटोवाला ओळखीचा आहे, बाबा. मघाशी फोन केला होता मी. दोन्ही तुकडे जोडून प्रिंट काढून देईल. ओरखडेही जातील म्हणतो. प्रिंट काढली की केस काळे होतील, अगदी होते तसे."

"हो. ने त्याच्याकडे."

"आत्ता जाऊन येऊ? उघडं असेल अजून."

"उद्या जा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तुकडा पुन्हा उजेडात धरला आणि दुसऱ्या हाताने आपले केस नीट मागे सारले. "आजचा दिवस शेजारी बसू दे मला. आत्ता कुठे म्हातारी झालीय ती."